विशेष शिक्षकाने स्वतः चित्र का काढावे

विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवू पाहणाऱ्या शिक्षकाने प्रशिक्षणकाळात कलेचा अभ्यास करावा का, असे विचारले तर शिक्षणक्षेत्रातले कोणीही नाही म्हणणार नाही. अडचण त्या सहज होकारातच आहे. होकार देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कार्डशीटवरचे रंगीत तक्ते असतात, सराव पाठासाठी थर्माकोलवर चिकटवलेली फळे असतात, 3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाला मांडलेले राख्या-पणत्यांचे प्रदर्शन असते. या सगळ्यात मूल कोठे आहे आणि शिक्षक नेमके काय शिकला, हे कोणी विचारत नाही. विशेष शिक्षकाच्या कामाचा गाभा दोन गोष्टींत आहे: मुलाकडे बारकाईने पाहणे, आणि आपल्याला सोपी वाटणारी कृती मुलासाठी लहानात लहान पायऱ्यांत सोडवणे. या दोन्ही गोष्टी कलेच्या प्रत्यक्ष अभ्यासाने जितक्या पक्क्या होतात तितक्या दुसऱ्या कोणत्याही विषयाने होत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. मात्र तो अभ्यास शिक्षकाने स्वतःच्या हाताने, पुरेसा काळ आणि जाणत्या माणसाकडून केलेला असला पाहिजे.

आजची व्यवस्था यापासून बरीच दूर आहे. 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेला वैधानिक स्थान मिळाले आणि विशेष शिक्षकांच्या अभ्यासक्रमांचे नियमन तिच्याकडे आले. विशेष शिक्षणातील बी.एड. दोन वर्षांचे झाल्यावर तिच्या अभ्यासक्रमात नाट्य आणि कला या विषयाला स्वतंत्र जागा मिळाली, ही चांगली गोष्ट होती. पण एकूण 80 क्रेडिटांपैकी या विषयाच्या वाट्याला 2 क्रेडिट आले. शिवाय विषय लहान असला की तो कोणी शिकवायचा हेही दुय्यम ठरते. ज्या प्राध्यापकाचा तास मोकळा असेल त्याच्याकडे तो जातो, छात्राध्यापक चार-दोन चित्रे जर्नलमध्ये चिकटवतात, एखादी नाटिका बसवली जाते आणि गुण दिले जातात. वर्षभर कष्ट करणाऱ्या त्या छात्राध्यापकांचा यात दोष नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात किंवा 'तुला चित्र येत नाही' हे ऐकून हातातला ब्रश कायमचा ठेवून दिलेला असतो. दोन्ही प्रकारच्या माणसांना नव्याने काही शिकवायचे असेल तर तेवढ्या अवधीत ते होणे शक्य नाही.

विशेष शिक्षणात चित्राचा वापर होत नाही असे नाही. तो होतो, पण बहुधा मोजमापासाठी. माणसाचे चित्र काढायला सांगून, त्यात किती अवयव आले यावरून मुलाच्या बौद्धिक पातळीचा अंदाज घेण्याची चाचणी मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी 1926 मध्ये मांडली आणि पुढे प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची आवृत्ती तयार केली. चाचणीला तिचे स्थान आहे. परंतु मेंदूच्या पक्षाघातामुळे (सेरेब्रल पाल्सी) ज्याचा हात ताठरतो त्या मुलाने हाताला बोटे काढली नाहीत, तर त्याला बोटे ठाऊक नाहीत की ती काढणे त्याच्या हाताला जमले नाही, हे गुणतक्त्यावरून कळत नाही. हे कळण्यासाठी चित्र काढले जात असताना शेजारी बसून पाहावे लागते आणि काय पाहायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

या पाहण्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. मूल खडू कसा धरते, सगळ्या मुठीत की तीन बोटांत. रेघ खांद्यातून येते की मनगटातून. दुसरा हात कागद दाबून धरतो की मांडीवर पडून राहतो. रेघ कागदाच्या मध्यरेषेपाशी अडते की पलीकडे जाते. रंगवताना कागदाची एक बाजू सतत मोकळी राहते का. डोळे कागदाला टेकतील इतके मूल वाकते का. यांतील प्रत्येक गोष्ट शिक्षकाला काही सांगत असते. वाकून काढणाऱ्या मुलाची दृष्टी तपासायला हवी, असे कित्येकदा सर्वांत आधी चित्राच्या तासालाच लक्षात येऊ शकते. बालचित्रांच्या अवस्था ज्याने अभ्यासल्या आहेत, त्याला बारा वर्षांच्या मुलाच्या गोल गोल गिरगटीत केवळ अपयश दिसत नाही. ती गिरगट कालपर्यंत कागदाबाहेर जात होती आणि आज आत थांबली, मुलाने प्रथमच तिला 'बैल' असे नाव दिले, म्हणजे नुसत्या हालचालीपासून ते अर्थाकडे आले, ही नोंद तो करू शकतो. वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात 'कारक कौशल्यात सुधारणा आवश्यक' असे ठोकळेबाज वाक्य लिहिणारा शिक्षक आणि असे पाहून लिहिणारा शिक्षक यांच्यात जो फरक आहे, तो मुलाच्या पुढच्या अनेक वर्षांवर परिणाम करतो.

पुण्या-मुंबईत हे काम वाटून घेतले जाते. तेथे व्यवसायोपचारतज्ज्ञ असतो, वाचातज्ज्ञ असतो, समुपदेशक असतो. खान्देशात, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात किंवा धुळ्याच्या साक्री-शिरपूरच्या टोकाच्या गावांत, 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेत नेमलेला विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतो आणि मुलाजवळ पोहोचणारा तोच एकमेव प्रशिक्षित माणूस असतो. ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला गेलेल्या कुटुंबाबरोबर मूल काही महिने दिसेनासे होते आणि परत येते तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. अशा शिक्षकाजवळ महागडी साधने नसतात. कागद, खडू, माती आणि त्याची स्वतःची नजर एवढेच असते. त्या नजरेला वळण लावणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने या गावांचा रस्ता एकदा तुडवून पाहावा.

त्यात भाषेचा प्रश्न मिसळलेला आहे. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलासमोर शाळा प्रमाण मराठी ठेवते. ज्याला ऐकू कमी येते, किंवा ज्याला शब्द उशिरा सापडतात, त्या मुलावर हा भार दुहेरी पडतो, आणि मूल गप्प राहिले की त्याला समजत नाही असा निष्कर्ष निघतो. चित्र हा या ठिकाणी बोलण्याचा पर्याय होतो असे मी म्हणणार नाही, कारण कर्णबधिर मुलाला खुणांची पूर्ण भाषाच मिळाली पाहिजे आणि चित्राच्या नावाखाली तिला बगल देता येणार नाही. पण मुलाला काय ठाऊक आहे हे शिक्षकाला कळण्याची वाट चित्रातून नक्कीच निघते. केळीच्या बागेचे चित्र काढताना ज्या मुलाने खोडाशेजारी ठिबकची नळी आणि घडाला दिलेला टेकू न विसरता काढला, त्या मुलाचे निरीक्षण आणि क्रमाचे भान शाबूत आहे. खान्देशात हे समजायला जड जाऊ नये. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी घरच्या माणसांनी ऐकून उतरवून घेतली म्हणूनच ती आपल्यापर्यंत पोहोचली. उतरवून घेणारा नसता तर लिहिता न येणारी एक शेतकरीण एवढीच त्यांची नोंद राहिली असती.

आता शिक्षकाने स्वतः का काढावे, याकडे येतो. ज्याला स्वतःच्या हाताची भीती वाटते तो शिक्षक मुलाचे चित्र स्वतःच पुरे करतो, असा अनुभव आहे. मुलाचा हात आपल्या हातात धरून तो पणतीवर ठिपके काढतो, राखीला मणी लावतो, आणि प्रदर्शनात त्याखाली मुलाचे नाव लागते. हात धरून शिकवणे ही विशेष शिक्षणातली मान्य पद्धत आहे, मात्र तिचा अर्धा भाग आधार हळूहळू काढून घेण्याचा असतो: हातावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, मग नुसता स्पर्श, मग नुसता शब्द. हे काढून घेणे ज्याला साधते त्याने कधीतरी स्वतः काही नवे शिकताना अडखळून, शेजारच्या जाणत्या माणसाने नेमकी किती मदत केली आणि कोठे थांबला, हे अनुभवलेले असते. मातीचा गोळा चाकावर मध्यभागी आणण्यात आठवडे घालवणाऱ्या छात्राध्यापिकेला शर्टाचे बटण लावायला वर्ष घेणाऱ्या मुलाबद्दल वेगळे सांगावे लागत नाही.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही प्रशिक्षणांत डोळ्यांवर पट्टी बांधून किंवा डाव्या हाताने चित्र काढायला लावून दिव्यांगत्वाचा 'अनुभव' दिला जातो. मला हा प्रकार चुकीच्या दिशेचा वाटतो. जन्मतः अंध असलेल्या मुलाचे जग पट्टी बांधलेल्या डोळस माणसाच्या गोंधळलेल्या जगासारखे नसते, आणि अशा तासातून बाहेर पडणारा छात्राध्यापक शिकण्याऐवजी कीव घेऊन बाहेर पडतो. कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी व्हिएन्नातील अंध मुलांच्या संस्थेत या मुलांना माती दिली तेव्हा त्यांना दिसले की मुले चेहरा घडवताना शरीराला आतून जाणवणाऱ्या भागांना मोठे करतात, आणि थोडी दृष्टी शिल्लक असलेली काही मुलेही डोळ्यांपेक्षा स्पर्शावर विसंबतात. पुढे 1938 मध्ये ऑस्ट्रिया सोडून अमेरिकेत गेल्यावर त्यांनी कलाशिक्षणाची जी मांडणी केली तिची मुळे या कामात आहेत. आपल्याकडे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जी यांची दृष्टी 1957 च्या सुमारास पूर्ण गेली, आणि त्यानंतरही ते कागद कापून चित्रे घडवत राहिले आणि शांतिनिकेतनात 1972 मध्ये त्यांनी टाइलांचे भित्तिचित्र केले. अंध मुलाला चित्रकलेच्या तासाला वर्गाबाहेर बसवणाऱ्या शाळा आजही आहेत. त्या शाळेतील शिक्षकाला कागदावर फेव्हिकॉलने लोकर चिकटवून उठावाची रेघ करता येते, किंवा शिंप्याचे दातेरी चाक कागदाच्या मागून फिरवून बोटांना कळणारी रेघ उमटवता येते, एवढे जरी शिकवले गेले असते तरी ते मूल आत बसले असते.

साहित्याचे ज्ञान हा कलेच्या अभ्यासाचा असा भाग आहे की तो पुस्तकातून मिळत नाही. पोळ्याला खान्देशातील पोरे मातीचे बैल करतात, तेव्हा शाळेतही मातीकामाचा तास होतो. पण येथील काळी माती वाळताना आकसते आणि तडकते. दुसऱ्या दिवशी आपल्या बैलाचे पाय गळून पडलेले पाहणाऱ्या मुलाने, त्यातही ज्याच्या वाट्याला अपयशच अधिक आले आहे अशा मुलाने, पुन्हा मातीला हात का लावावा? कुंभार मातीत राख किंवा लीद मिसळतो, ती याच कारणासाठी. जळगावहून जेथे जाणे सहज शक्य आहे त्या अजिंठ्याच्या भिंतींवरील मातीच्या लेपातही भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. ज्या स्वमग्न मुलाला चिकट, ओल्या वस्तूचा स्पर्श असह्य होतो त्याला थेट मातीत हात घालायला लावणे ही त्याच्यासाठी शिक्षा असते. त्याला आधी कोरडा तांदूळ, मग घट्ट मळलेली कणीक, मग माती अशा क्रमाने न्यावे लागते, आणि कधी कधी मातीपर्यंत नेण्याची गरजही नसते. जे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते त्याच्यासाठी हळदीचा पिवळा आणि बीटाचा लाल हे रंग बाजारातील रंगांपेक्षा बरे. ब्रशच्या दांडीवर कापडाची पट्टी गुंडाळून ती जाड केली, कागदाचे कोपरे टेबलाला चिकटवले, की ढिल्या स्नायूंच्या मुलाचे निम्मे श्रम वाचतात. या गोष्टी क्षुल्लक दिसतात. वर्गात सगळे काही यांवरच अवलंबून असते.

योग्य साहित्य मिळण्याला किती महत्त्व आहे, हे अमेरिकेतील ज्युडिथ स्कॉट यांच्या आयुष्यावरून समजते. 1943 मध्ये जन्मलेल्या स्कॉट यांना डाउन सिंड्रोम होता आणि त्यांना ऐकूही येत नव्हते, पण त्यांचे बहिरेपण वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात आले नाही. शिकण्यास अपात्र ठरवून त्यांना सुमारे पस्तीस वर्षे संस्थेत ठेवले गेले. 1987 मध्ये ऑकलंड येथील एका कलाकेंद्रात त्या येऊ लागल्या. तेथे जवळजवळ दोन वर्षे रंग आणि खडू यांत त्यांचे मन लागले नाही. मग धागा हाती आला आणि वस्तूंभोवती सूत, लोकर, दोऱ्या गुंडाळून त्यांनी घडवलेली शिल्पे पुढे मोठ्या संग्रहालयांत गेली. मला त्यांच्या कीर्तीपेक्षा त्या दोन वर्षांचे मोल अधिक वाटते. तेथील माणसांनी 'हिला आवड नाही' असा शेरा लिहून फाइल बंद केली नाही. एक साहित्य मुलाला भावले नाही तर दुसरे पुढे करावे, हे ज्याला सुचते त्याच्या हाताखालून अनेक साहित्ये गेलेली असतात. ज्या प्रदेशात कापूस आणि केळीचे सोपट रानोमाळ आहे, बांबूकाम करणारे बुरूड आहेत, तेथील प्रशिक्षण महाविद्यालयांत कलेचे साहित्य म्हणजे बारा रंगांची पेटी एवढेच असावे, याचे मला वाईट वाटते.

स्थानिक कलांचा विषय निघाला की आपल्याकडे वेशभूषा आणि नृत्य यांचा कार्यक्रम बसवला जातो, म्हणून नेमके सांगतो. भाद्रपद पौर्णिमेपासून मुलींच्या गुलाबाई या उत्सवाची गाणी सुरू होतात आणि शेवटी डबा हलवून आतला खाऊ ओळखायचा असतो. आवाजावरून वस्तू ओळखणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, अंदाज चुकला तरी खेळात राहणे, हे सगळे त्यात आहे, आणि अंध मुलगी येथे कोणाच्याही मागे राहत नाही. बहिऱ्या मुलीसाठी डबा हातात देऊन हादरा आणि वास यांवरून ओळखू द्यावे, एवढा बदल शिक्षकाला सुचला पाहिजे. सातपुड्यातील होळीत मोठ्या ढोलाचा ठोका कानांइतकाच छातीला आणि तळपायांना कळतो. कर्णबधिर मुलांना लय शिकवण्यासाठी याहून चांगले साधन मला ठाऊक नाही. मात्र ढोल वाजवणारा माणूस शिक्षक म्हणून प्रशिक्षण महाविद्यालयात यावा, संमेलनाच्या दिवशी व्यासपीठाच्या कडेला उभा राहण्यासाठी नव्हे.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक मला गंभीर वाटतो. ब्रेल, खुणांची भाषा, मूल्यमापन, कायदे, वर्तन-व्यवस्थापन एवढे सगळे दोन वर्षांत शिकवायचे असताना कलेसाठी वेळ कोठून आणायचा? शिवाय पदेच भरली जात नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 मुलांमागे 1 आणि त्यापुढे 15 मुलांमागे 1 असे विशेष शिक्षकांचे प्रमाण सांगितले, तेथवरही आपण पोहोचलेलो नाही. पदे भरलीच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही. पण वेळेच्या आक्षेपाला माझे उत्तर असे की, निरीक्षण, कृतीचे विश्लेषण आणि साधननिर्मिती या नावांनी जे तास आजही अभ्यासक्रमात आहेत, त्यांतील बराच भाग कलाकक्षात अधिक चांगला शिकवता येईल. कृतीच्या पायऱ्या पाडायला शिकवताना दात घासण्याचे तेच ते उदाहरण फळ्यावर लिहिण्यापेक्षा कागदाची होडी करायला शिकवताना प्रत्येक घडीला कोण कोठे अडले हे नोंदवणे अधिक उपयोगी आहे.

कला म्हणजे उपचार नव्हे, हेही येथेच स्पष्ट केले पाहिजे. कलोपचार हे वेगळे, दीर्घ प्रशिक्षण मागणारे क्षेत्र आहे, आणि चित्रातील काळ्या रंगावरून मुलाच्या मनातील दुःखाचे निदान करणारा अर्धशिक्षित उत्साह मुलाला अपाय करतो. मुलाने काळा खडू घेतला कारण पेटीत तोच शाबूत होता, असेही असू शकते. तसेच प्रत्येक दिव्यांग मुलात दडलेला कलावंत असतो हे गोड वाक्य मला मान्य नाही. इतर मुलांत जितके कलावंत असतात तितकेच यांच्यात असतील. चित्र काढण्याचा, गाण्यात भाग घेण्याचा हक्क कलावंत असण्यावर अवलंबून नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये सांस्कृतिक जीवनाचा हक्क आहे आणि कला व संस्कृतीचे अभ्यासक्रम दिव्यांगांना सहभागी होता येईल असे बदलण्याचे कर्तव्यही सरकारवर टाकलेले आहे. शिक्षकच तयार नसेल तर हे कलम अमलात कोण आणणार?

म्हणून माझी मागणी मर्यादित आणि करता येण्याजोगी आहे. पहिल्या वर्षभर प्रत्येक छात्राध्यापकाने एका माध्यमात सलग काम करावे, मग ते माती असो, धागा असो, रेखाटन असो की ढोल; आणि ते शिकवणाऱ्या कुंभाराला, बुरुडाला, ढोल वाजवणाऱ्याला पदवी न विचारता तासिकेचे पूर्ण मानधन द्यावे, त्यासाठी विद्यापीठाने नियमात सोय करावी. दुसऱ्या वर्षी त्याने एकाच मुलाबरोबर तारीखवार काम करावे आणि मुलाच्या सगळ्या कृती, फसलेल्या आणि अर्धवट सोडलेल्यासुद्धा, क्रमाने जपाव्यात. अंतिम परीक्षेत बाह्य परीक्षकाने तक्त्यांची रंगसंगती पाहण्याऐवजी या कृती टेबलावर मांडून विचारावे की पाचव्या आणि सहाव्या कामाच्या मध्ये काय घडले, तुम्ही कोणता आधार काढून घेतला, मुलाने काय नाकारले आणि त्यानंतर तुम्ही काय बदलले. सेवेत असलेल्या विशेष शिक्षकांसाठी हीच पद्धत गटसाधन केंद्रांवर सुरू करता येईल: महिन्याच्या बैठकीत माहितीचे तक्ते भरण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या एका मुलाचे त्या महिन्यातील काम सोबत आणावे, आणि तालुक्यातील कलाशिक्षकालाही त्या बैठकीला बोलवावे.